मध्यस्थी करायला आलेला थोरला परत कधी जातो? (तिरास्पोल, काराबाख आणि थोडी वारणा)

मंगळवारपेठी (धागाकर्ता)

२०२१ च्या सप्टेंबरात शेरीफ तिरास्पोलनं रिअल माद्रिदला बर्नाबेऊवर २-१ नं लोळवलं. आमच्या पेठेच्या ग्रुपवर रिअलवाल्यांची यथेच्छ टिंगल करून झाल्यावर कुणीतरी विचारलं, हे तिरास्पोल नक्की कुठल्या देशात येतं रे? त्या प्रश्नामागं लागलो तो अजून सुटलेलो नाही.

क्लब खेळतो मोल्दोवाच्या लीगमध्ये, पण त्या गावात मोल्दोवाचं सरकार चालत नाही. नीस्टर नदीच्या काठची चिंचोळी पट्टी आहे, ट्रान्सनिस्ट्रिया म्हणतात तिला. स्वतःचा रूबल, स्वतःचे पोलीस, झेंड्यावर अजून विळा-हातोडा. युनोतल्या एकाही देशानं तिला मान्यता दिलेली नाही. रशियानंही नाही! आणि सैन्य मात्र रशियाचं.

१९९२ मध्ये तिथं लढाई झाली. जूनमध्ये बेंदेर शहरात तर गल्लीबोळातून. सोव्हिएत काळापासून तिथंच तळ ठोकून असलेली १४ वी आर्मी जनरल लेबेदच्या हुकमानं फुटीरांच्या बाजूनं उतरली, तोफा चालल्या, आणि २१ जुलैला मॉस्कोत शस्त्रसंधी झाली. सह्या कुणाच्या? येल्त्सिन आणि मोल्दोवाचे अध्यक्ष स्नेगुर. ज्यांच्यात लढाई झाली त्यातला एक सहीला नाही, आणि शांतता राखायला आलोय म्हणणाऱ्याची सही आहे. पुढं १९९९ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत रशियानं लिहून दिलं की २००२ अखेर सगळं सैन्य काढून नेतो. आजही दीड हजाराच्या आसपास सैनिक तिथंच आहेत, आणि कोबास्ना गावच्या कोठारात जुना सोव्हिएत दारूगोळा, अंदाजे वीस हजार टन.

पण मला सैन्यापेक्षा गॅसची गोष्ट जास्त बोलकी वाटते. गॅझप्रॉम गॅस पाठवायची, तिरास्पोलकडून पैसे यायचे नाहीत, आणि थकबाकी मोल्दोवाच्या गॅस कंपनीच्या नावावर चढत राहायची. त्याच फुकटच्या गॅसवर कुचुर्गानचं वीजकेंद्र चालायचं आणि तिथली स्वस्त वीज मोल्दोवा विकत घ्यायचा. म्हणजे फुटलेला तुकडा मिंधा आणि ज्याच्यापासून फुटला तोही मिंधा. १ जानेवारी २०२५ ला युक्रेनमधून येणारा गॅस बंद झाला. दुसऱ्या वाटेनं पाठवायला गॅझप्रॉमनं मोल्दोवाकडची थकबाकी दाखवून नकार दिला, आणि ऐन थंडीत तिरास्पोलची घरं गार पडली, कारखाने बंद. इतकी वर्षं रशियाच्या नावानं झेंडे लावणारी माणसंच पहिल्यांदा गारठली.

हे एकच ठिकाण असतं तर सोडून दिलं असतं. जॉर्जियातले अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया, अझरबैजानमधलं काराबाख, २०१४ नंतरचा युक्रेनमधला दोनबास... थोड्याफार फरकानं तीच चाल. दोनबासमध्ये तर मिन्स्कच्या शस्त्रसंधीच्या कागदांवर सही करूनही रशिया २०२२ पर्यंत म्हणत राहिला की आम्ही पक्षकार नाही, मध्यस्थ आहोत.

माझं मत स्पष्ट लिहितो म्हणजे झोडपायला सोपं जाईल. अशा थोरल्याला भांडण मिटायला नको असतं आणि पेटायलाही नको असतं. दोघांनाही दर वेळी आपल्याच दारात यावं लागेल एवढी धग राहिली की त्याचं काम झालं. मान्यता न देण्यामागंही तेच गणित. देऊन टाकली तर मोल्दोवापुढं धरायला आमिष काय उरणार?

तुम्हाला काय वाटतं?

खवचट_खासबाग

म्हणजे शिट्टी घेऊन पंच म्हणून उतरलेला गडी हाफटाइमनंतर एका तालमीची जर्सी घालून खेळायला लागतो आणि वर कार्डंही तोच दाखवतो. शाहू स्टेडियमवर असला पंच सहीसलामत बाहेर पडला नसता. चालू द्या, चहा घेऊन बसलोय.

जुना_राजवाडा

मंगळवारपेठी, लिहिलंय छान, पण यासाठी नीस्टरपर्यंत जायची गरज नव्हती. कोल्हापूरची गादी वेगळी झाली तो सगळा काळ म्हणजे हाच खेळ.

१७०७ मध्ये औरंगजेब गेल्यावर आझमशहानं शाहूमहाराजांना कैदेतून सोडलं. दया आली म्हणून नव्हे. उत्तरेत तख्तासाठी लढायला जाताना मागं दख्खनमध्ये मराठे ताराराणींभोवती एकवटलेले नकोत, त्यांच्यात दोन दावेदार हवेत, हा हिशोब. त्याच वर्षी ऑक्टोबरात खेडला दोन्ही बाजू भिडल्या. पुढं बहादूरशहाकडं सरदेशमुखीच्या सनदेसाठी दोन्हींकडून मागणी गेली. झुल्फिकारखान शाहूंच्या बाजूनं बोलला, मुनीमखान ताराराणींच्या, आणि बादशहानं कुणा एकालाच सनद द्यायचं टाळलं.

पण यातला खरा उस्ताद निजामुल्मुल्क. दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई-सरदेशमुखी मराठ्यांना द्यायची हे १७१९ च्या सनदांनी ठरलेलं होतं. निजामानं ती सरळ नाकारली नाही. त्याचा पवित्रा असा, की द्यायला हरकत नाही, पण द्यायची कुणाला? सातारच्या शाहूंना की कोल्हापूरच्या संभाजींना? आधी दोघांनी आपापला हक्क शाबीत करावा, निवाडा आम्ही करू. वसुली आपसूक थांबली, आणि न्यायाधीशाची खुर्चीही फुकटात मिळाली. संभाजीराजे त्याच्या गोटात गेलेच.

मग फेब्रुवारी १७२८ मध्ये बाजीरावांनी त्याला पालखेडला कोंडला, ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला आणि निजामाला संभाजीराजांची पाठराखण सोडावी लागली. ती सुटल्यावर तीन वर्षांत, १३ एप्रिल १७३१ ला, वारणेचा तह. साताऱ्याचे आणि कोल्हापूरचे चुलतभाऊ थेट बोलले, नदी हद्द ठरली. मध्ये तिसरा नव्हता म्हणूनच तो टिकला असं माझं मत आहे.

सरळसोट

रशियाला झोडपायची फॅशन आलीय म्हणून दुसरी बाजू मांडतो.

एक, नीस्टरवर १९९२ नंतर मोठी लढाई झालेली नाही. तीस वर्षांहून जास्त. लोक ये-जा करतात, बाजारहाट करतात, फुटबॉल खेळतात. शांतिसेनेचं काम दुसरं काय असतं?

आणि अमेरिकेनं काय केलं? १९९९ मध्ये नाटोनं युगोस्लाव्हियावर बाँब टाकले, तेही सुरक्षा परिषदेच्या ठरावाशिवाय, आणि १७ फेब्रुवारी २००८ ला कोसोवोनं स्वातंत्र्य जाहीर केल्यावर लगेच मान्यता. हे मोकळं सोडलंत तर दुसरेही करतील, असा इशारा तेव्हा मॉस्कोनं दिलाच होता. त्याच वर्षी ऑगस्टात रशिया-जॉर्जिया युद्ध झालं. भारतानं आजवर कोसोवोला मान्यता दिलेली नाही, ती उगाच नाही. ग्रेनाडा १९८३, पनामा १९८९ ही यादी काढली तर धागा पुरणार नाही.

शिवाय २००८ मध्ये पहिली तोफ कुणी डागली? युरोपीय संघानंच नेमलेल्या समितीनं २००९ मध्ये लिहिलंय की ७-८ ऑगस्टच्या रात्री दक्षिण ओसेतियाच्या राजधानीवर, त्स्खिन्वालीवर, तोफा जॉर्जियानं डागल्या आणि त्याला आंतरराष्ट्रीय कायद्यात आधार नव्हता.

मंगळवारपेठी

@सरळसोट, त्याच अहवालात पुढं असंही आहे की रशियाचं प्रत्युत्तर बचावाच्या मर्यादेच्या फार पुढं गेलं, आणि तिथल्या लोकांना सरसकट रशियन पासपोर्ट वाटणं बेकायदा होतं. अर्धा अहवाल वाचून थांबू नका राव.

शांतता टिकली हे मात्र मान्य. काराबाखशी तुलना केली तर नीस्टरवर खरंच माणसं मेली नाहीत. पण ती शांतता सोडवणुकीकडं नेणारी होती का हे २००३ मध्ये दिसलं. पुतिन यांचे दूत कोझाक यांनी एक आराखडा आणला. मोल्दोवाचं संघराज्य करायचं, तिरास्पोलला महत्त्वाच्या निर्णयांवर नकाराधिकार द्यायचा, आणि रशियन सैन्य २०२० पर्यंत ठेवायचं. अध्यक्ष वोरोनिन, हा कम्युनिस्ट माणूस बरं का, मॉस्कोशी जुळवून घेणारा, त्यानंही अगदी शेवटच्या घटकेला सही नाकारली. सोडवणूक मिळत होती, पण तिच्या पोटात थोरल्याची खोली कायमची राखून ठेवलेली.

कोसोवोबद्दल वाद नाही. माझा धागा रशिया वाईट हा नसून थोरला कसा वागतो हा आहे. अमेरिकेवर कुणी लिहीत असेल तर आनंदानं वाचीन.

सीमावासी

थोरला, दोन शेजारी, वर्षानुवर्षं लोंबकळत पडलेला प्रश्न. आणि कोल्हापूरच्या धाग्यावर बेळगावचं नावही नाही? महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. दिल्लीला हा प्रश्न सुटायला हवाय असं कुणाला वाटतं?

खवचट_खासबाग

झालं. धाग्याचं काश्मीर व्हायला फक्त सहा प्रतिसाद लागले.

वकीलबाई_ताराराणी_चौक

सीमावासी, तुमची तळमळ समजते. माझं माहेर निपाणीचं आहे. पण तुलना बसत नाही. दिल्ली बाहेरची नाही, दोन्ही राज्यांतले लोक तिथं मत देऊन सरकार बसवतात, आणि प्रश्न न्यायालयात आहे, भले तारखांवर तारखा पडोत. मोल्दोव्हनांना क्रेमलिनसाठी मत देता येत नाही. बेळगावसाठी वेगळा धागा काढा, मी येते.

जुना_राजवाडा, तुमच्या वारणेच्या गोष्टीला मात्र एक हरकत. थेट बोलले म्हणून तह टिकला, हे जरा गोड करून सांगितलंत. त्याआधी १७३० मध्ये साताऱ्याच्या फौजेनं वारणेकाठी संभाजीराजांचा तळ मोडला होता. ताराराणी आणि संभाजीराजांच्या आई राजसबाई साताऱ्याच्या हाती लागल्या होत्या. पाठीराखा गेला, मग मार बसला, मग तह. क्रम हा आहे.

आणि हाच क्रम काराबाखमध्ये अक्षरशः पाहायला मिळाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९९४ च्या मे महिन्यात तिथं शस्त्रसंधी झाली. काराबाख आणि आजूबाजूचे अझरबैजानचे जिल्हे आर्मेनियन फौजांच्या ताब्यात, लाखो अझेरी विस्थापित. तोडग्यासाठी मिन्स्क गट, सहअध्यक्ष रशिया, अमेरिका आणि फ्रान्स. बैठका होत राहिल्या. त्याच काळात रशिया आर्मेनियाला हत्यारं देत होता, मित्रदेशाच्या सवलतीनं, आणि अझरबैजानला विकत होता, तेलाच्या रोख पैशानं. आर्मेनियाच्या ग्युमरी शहरात रशियन तळ. मंगळवारपेठींचं धगीचं गणित इथं चोख बसतं.

पण धग मोजणारा एकटाच असेल तरच ते बसतं. अझरबैजान श्रीमंत झाला, त्याला तुर्कस्तानची साथ मिळाली, ड्रोन आले. २०२० च्या ४४ दिवसांच्या युद्धात बराच मुलूख त्यानं परत घेतला. आर्मेनिया कोलमडायच्या बेताला आल्यावर रशियानं ९ नोव्हेंबरच्या रात्री तिघांच्या सहीचं निवेदन घडवून आणलं. त्यात रशियाचे १,९६० शांतिसैनिक, पाच वर्षांसाठी. १९९४ पासून जे काराबाखमध्ये जमलं नव्हतं, स्वतःचं सैन्य आत घालणं, ते मॉस्कोला मिळालं. तेव्हा जाणकारांनी याला पुतिन यांचा मोठा विजय म्हटलं होतं.

वकिलाच्या नजरेनं बघा. त्या सैनिकांनी नक्की काय करायचं, गोळी कधी चालवायची, याचा तपशीलवार करार कधी झालाच नाही. डिसेंबर २०२२ पासून काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा लाचिनचा रस्ता अडवला गेला. शांतिसैनिक तिथंच उभे. काराबाखमध्ये औषधं संपली, पाव रांगेत मिळायला लागला, शांतिसैनिक तिथंच उभे. १९ सप्टेंबर २०२३ ला अझरबैजाननं हल्ला केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं संपलं. त्या गडबडीत काही रशियन सैनिकही मारले गेले, त्यांचा एक वरिष्ठ अधिकारी होता त्यात. अझरबैजानचे अध्यक्ष अलियेव यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि मॉस्कोनं ती ठेवून घेतली. पुढच्या आठवडाभरात एक लाखाहून जास्त आर्मेनियन माणसं घरं सोडून निघाली. जवळजवळ सगळी वस्ती. २०२४ च्या जूनपर्यंत शांतिसैनिकही गेले, मुदतीच्या आधीच.

रशिया युक्रेनमध्ये गुंतला होता आणि त्याला आता अझरबैजान आणि तुर्कस्तानची गरज आर्मेनियापेक्षा जास्त होती. थोरला परत कधी जातो, असं विचारलंत ना? दोघांपैकी एकाची गरज संपली की जातो. दुसऱ्याला ते आधी कळवत नाही.

जुना_राजवाडा

दंडवत, वकीलबाई. १७३० चा मुद्दा रास्त आहे, पण मी एक भर घालतो. हरलेल्या संभाजीराजांना वारणेच्या दक्षिणेचा मुलूख आणि वेगळी गादी मिळाली, ती शाहूंनी दिली. निजाम जिंकला असता तर कोल्हापूरला साताराही मिळाला असता कदाचित, पण निजामाचा मांडलिक म्हणून. काराबाखच्या लोकांना असला चुलतभाऊ मिळाला नाही, हा फरक.

आणि कोल्हापूर पुढं शिकलं असंही नाही. पटवर्धनांशी आणि निपाणकरांशी भांडून भांडून दमल्यावर १८१२ मध्ये इंग्रजांशी तह केला. मालवण दिलं, चिकोडी-मनोळीवरचा हक्क सोडला, आणि बदल्यात संरक्षण घेतलं. त्यातलं एक कलम असं की इतर सत्तांशी जे वाद होतील ते इंग्रज सरकारच्या निवाड्यासाठी आणायचे. निवाड्याला जाणारं संस्थान पुढं दिवाणही त्यांच्याच पसंतीचा ठेवायला लागलं. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावाची मुळं या कारभारात आहेत.

तिबिलिसीची_मावशी

वाचनमात्र होते, पण जॉर्जियाचं नाव आलं म्हणून लॉगिन केलं. माझी भाची तिबिलिसीत मेडिकलला आहे. आपल्याकडची बरीच मुलं आहेत तिथं. तिनं पाठवलेल्या फोटोंत भिंतीवर, कॅफेच्या दारावर, एकच मजकूर दिसतो, की माझ्या देशाचा वीस टक्के भाग रशियानं बळकावलाय. पर्यटकांसाठी इंग्रजीत.

गेल्या वर्षी मी तिच्याकडं गेले तेव्हा गोरीकडं जायच्या हमरस्त्यावरून ड्रायव्हरनं हात करून दाखवलं, ती बघा ओसेतियाची हद्द. मला वाटलं लांब डोंगरात असेल. रस्त्यावरून हिरवी पाटी दिसत होती! २००८ नंतर रशियन सैनिकांनी तिथं काटेरी तारा घातल्या, आणि त्या तारा अधूनमधून पुढं सरकतात. खुर्वालेती नावाच्या गावातून तर तार गेलीय, काहींची घरं इकडं आणि शेत-स्मशान तिकडं. चुकून पलीकडं गेलेला माणूस धरला जातो, दंड भरून सुटतो. ड्रायव्हर हे सगळं इतक्या सवयीनं सांगत होता की मलाच कसंतरी झालं.

पासपोर्टचं धागाकर्त्यांनी नुसतं ओझरतं लिहिलंय. २००२ पासून अबखाझिया आणि ओसेतियात रशियन पासपोर्ट वाटले गेले. लोकांनी घेतले, कारण त्यांच्या स्वतःच्या कागदावर जगात कुठंच जाता येत नव्हतं आणि रशियाची पेन्शन मिळत होती. त्यांना दोष कसा द्यायचा? मग २००८ ला रशिया म्हणाला, आमच्या नागरिकांचं रक्षण करतोय. दोनबासमध्ये २०१९ पासून पुन्हा तेच.

पण एक गोष्ट इथं कुणी लिहिली नाही. इंगुरी धरण. २७० मीटरच्या वर उंच भिंत, ती जॉर्जियाच्या ताब्यात. पाणी बोगद्यातून जातं आणि वीज तयार होते ती अबखाझियाच्या बाजूला. युद्ध १९९२-९३ चं, दोन लाखांहून जास्त जॉर्जियन तिथून हाकलले गेले, एकमेकांचं तोंड बघत नाहीत, तरी हे धरण दोघं मिळून चालवतात आणि वीज वाटून घेतात. आपण आलमट्टीच्या उंचीवरून दर पावसाळ्यात हमरीतुमरीवर येतो, म्हणून मला हे फार नवलाचं वाटलं. तिथं थोरला मध्ये नाही.

सरळसोट

मावशी, माहितीपूर्ण. मात्र तुम्ही सगळे एक उदाहरण सोयीस्कर विसरताय. ताजिकिस्तान. १९९२ ते ९७ यादवी, हजारो माणसं मेली. रशियाची २०१ वी डिव्हिजन तिथंच होती, सरकारच्या बाजूनं. तरी २७ जून १९९७ ला मॉस्कोत शांतता करार झाला, युनो आणि इराणही त्यात होते, आणि बंडखोरांना सरकारात ३० टक्के जागा देण्याचं ठरलं. ते युद्ध खरोखर संपलं. तेव्हा थोरल्याला मिटायला नकोच असतं, हे सरसकट विधान टिकत नाही.

मंगळवारपेठी

हे चांगलं उदाहरण काढलंत. पण तारीख बघा. सप्टेंबर १९९६ मध्ये तालिबाननं काबूल घेतलं आणि सीमा ताजिकिस्तानला लागून. मॉस्को आणि तेहरान दोघांनाही धडकी भरली, म्हणून दोघांनी आपापल्या माणसांना टेबलावर बसवलं. भांडण पेटतं ठेवण्यापेक्षा मिटवण्यात फायदा दिसला की थोरला ते चटकन मिटवू शकतो. मग बाकीची तीस वर्षं का मिटत नाहीत, ते यातूनच कळतं.

हवालदार_शिरोळ (निवृत्त)

मी लई लिहीत न्हाई, सवय न्हाई. पोरगं वाचून दावतंय आन् टाइप करतंय.

मी श्रीलंकेला हुतो. आयपीकेएफ, आपली शांतिसेना. २९ जुलै ८७ ला राजीव गांधी आन् जयवर्धने यांच्या सह्या झाल्या. आमाला सांगितलं, दोघांच्या मधी उभं ऱ्हायचं, हत्यारं जमा करून घ्यायची, महिन्या-दोन महिन्यात घरी. जाफन्यात उतरलो तवा बाया-माणसं हार घेऊन उभी हुती. ऑक्टोबरात त्याच गल्लीतनं आमच्यावर गोळ्या आल्या. मंगळवारपेठी, तुमी सह्यांचं लिवलंय ते वाचून म्हनलं ह्याला ठाऊक हाय. आमच्या कागदावर बी लिट्टेच्या प्रभाकरनची सही नव्हती.

पुढं तिथं प्रेमदासा अध्यक्ष झाले, ते म्हनाले, जावा आता. ज्यांच्यासाठी गेलो तेबी जावा म्हनायला लागलं, ज्यांच्याशी लढलो तेबी. दोघांचं एकाच गोष्टीवर जमलं, आमाला घालवायच्या. ९० च्या मार्चात परत आलो. बाराशेच्या आसपास जवान गेले आपले. मद्रासला बोटीतनं उतरलो तवा हार बी न्हवतं आन् कोन भेटायला बी न्हवतं.

पन आपन परत आलो. हे बी लिवा की कुनीतरी.

वकीलबाई_ताराराणी_चौक

काका, नमस्कार. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

आपण परत आलो हे खरं, आणि तो फरक लहान नाही. दोन वर्षं आठ महिने, तळ ठेवला नाही, पासपोर्ट वाटले नाहीत. पण जाण्याआधीचंही लिहायला हवं. १९८३ नंतर तमिळ गटांना शिबिरं भारतातच मिळाली होती. ४ जून १९८७ ला आपल्या विमानांनी जाफन्यावर अन्नधान्य टाकलं, श्रीलंकेची परवानगी नसताना. आणि मग पावणेदोन महिन्यांत आपण तटस्थ म्हणून दोघांच्या मध्ये उभं राहायला गेलो. जवानाला हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं, आणि त्याची किंमत जवानानं मोजली. श्रीलंकेच्या तेराव्या घटनादुरुस्तीनं तमिळ प्रांतांना जे अधिकार मिळायचे होते त्यांचा निम्माशिम्मा कारभार आजही कोलंबोच्याच हातात आहे.

सरळसोट

हेच म्हणतोय मी. आपलं केलेलं चूक आणि रशियाचं केलेलं कट, असं नको.

मंगळवारपेठी

नाही म्हणत. फरक एवढाच धरतो की श्रीलंका आपल्याला जा म्हणाली आणि आपल्याला जावं लागलं. मोल्दोवा दर व्यासपीठावर रशियाला जा म्हणतोय. २०१८ मध्ये युनोच्या आमसभेनं तसा ठरावही केला. काही हललं नाही.

बाकी मावशींच्या इंगुरीवर विचार करतोय. तिथल्या लोकांना आपण सोंगट्या समजून बोलतो हे बरोबर नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अबखाझियात रशियन गुंतवणूकदारांना जमिनी-मालमत्तेची दारं उघडणारा करार संसदेत येणार होता. लोक संसदेत घुसले, फाटक ट्रकनं ओढून तोडलं, आणि अध्यक्ष ब्झानिया यांना राजीनामा द्यावा लागला. रशियाशिवाय ज्यांचं पेन्शन निघत नाही त्या लोकांनी हे केलं.

एमबीबीएस_बिश्केक

कसबा बावड्याचा आहे, डॉक्टरकी किर्गिझस्तानात केली. सगळा धागा एका बसणीत वाचला, भावांनो, नाद खुळा. एक उदाहरण राहिलंय, ते रशियाच्या गैरहजेरीचं आहे.

किर्गिझ आणि ताजिक, दोघंही रशियाच्या लष्करी संघटनेत. दोन्हीकडं रशियन तळ, कांतला विमानतळ आणि ताजिकिस्तानात तीच २०१ वी. सीमा सुमारे ९७० किलोमीटर, सोव्हिएत नकाशे तीन वेगळे, प्रत्येकजण आपल्या सोयीचा काढतो. किर्गिझ सीमेवरच्या बात्केनकडं पाणी वळवण्यावरून दगडफेक व्हायची, ती २०२१ च्या एप्रिलात गोळीबारावर गेली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये रणगाड्यांवर. शंभराच्या आसपास माणसं मेली. आमच्या हॉस्टेलवरची बात्केनची मुलं रात्रभर फोन धरून बसलेली मी बघितलीत. रशियानं काय केलं? दोघांना संयम पाळायला सांगितलं.

मग दोघं आपले आपण बसले. गावागावानं, ओढ्याओढ्यानं नकाशा करत गेले, जमिनींची अदलाबदल केली, आणि १३ मार्च २०२५ ला बिश्केकमध्ये दोन्ही अध्यक्षांनी, किर्गिझ जपारोव आणि ताजिक रहमोन यांनी, सीमा करारावर सह्या केल्या. मॉस्कोनं अभिनंदन केलं.

मंगळवारपेठी

भावा, हे सोनं आहे. थोरला दुसरीकडं गुंतला आणि मिटलं! काराबाख तलवारीनं मिटलं, हे चर्चेनं.

एमबीबीएस_बिश्केक

थांबा, एवढं गोड नाही ते.

त्याच्या आधी उझबेकांशी झालेला करार बघा. केम्पिर-आबाद धरणाचं पाणी आणि जमीन उझबेकिस्तानला जाणार म्हणून किर्गिझ लोकांनी विरोध केला, तर २०२२ च्या ऑक्टोबरात सरकारनं वीसहून जास्त कार्यकर्ते, पत्रकार, माजी खासदार एका फटक्यात उचलले. बरेचसे महिनोन्महिने कोठडीत होते. २०२४ मध्ये न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं, पण तोवर करार होऊन कागद थंड झाला होता. त्यामुळं ताजिक करार आला तेव्हा बिश्केकमध्ये फारसं कुणी तोंड उघडलं नाही. ताजिक बाजूला तर १९९२ पासून रहमोनच आहेत, तिथं विरोध कोण करणार? ज्या गावांचा रस्ता किंवा कुरण पलीकडं गेलं त्यांना नुकसानभरपाई आणि दुसरीकडं घर मिळालं, पण विचारलं कुणी नाही.

तरी बात्केनची माझी मित्रमंडळी खूष आहेत. सीमेवरची नाकी उघडली, विमानं सुरू झाली, ताजिक जर्दाळू पुन्हा बाजारात आले. त्यातला एक म्हणतो, कोणी केलं आणि कसं केलं ते तुम्ही बसून ठरवा, आम्हाला रात्री झोप लागते.

वकीलबाई_ताराराणी_चौक

त्या मित्राला विचाराल का, पाण्याचं काय ठरलं? जमिनीची रेघ ओढणं सोपं असतं. वाटपाचं वेळापत्रक आणि पाटाच्या दाराची किल्ली कुणाकडं, तिथं पुढचं भांडण निघतं. आपल्याकडं कृष्णा लवादाचं काय झालं बघताच आहात.

एमबीबीएस_बिश्केक

विचारतो. गोलोवनोय म्हणून एक ठिकाण आहे, तिथूनच पाणी वाटलं जातं आणि २०२१ ची मारामारी तिथंच सुरू झाली होती. करारात ते दोघांचं सामाईक ठेवलंय असं वाचलं होतं, पण प्रत्यक्षात दारावर माणूस कुणाचा बसतो ते तोच सांगेल. रविवारी फोन करतो आणि इथं टाकतो.